बटणचं हस्तांतर पत्रक, तीन प्रतींत

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, कान तुटलेल्या लाकडी घोड्याशेजारी उभं राहून आत्याने आपली सात वर्षांची भाची रजिस्टरात सही होऊन आईच्या हातातून बाबाच्या हातात जाताना पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशी आग याआधी एकदाच गेली होती. तिने महिनाभर मान मोडून आखलेल्या ड्यूटी चार्टवर नव्या साहेबांनी चहाचा कप ठेवला होता, तेव्हा.

आत्या बस डेपोत नियंत्रक म्हणून कामाला होती. गाडी चालवायला नव्हे. कोणती गाडी कोणत्या चालकाने किती वाजता कोणाकडून घ्यायची आणि कोणाच्या हवाली करायची, हे ठरवायला. एकशे चाळीस गाड्या आणि तीनशे दहा चालक तिच्या पेन्सिलीच्या टोकावर नाचत. त्या मानाने एक मुलगी आणि दोन आईबाप म्हणजे तिच्या हातचा मळ.

"दोन महिने देते," कोर्टातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या. "या खोलीबाहेर, तुमचं तुम्ही मुलीचं येणं-जाणं सांभाळून दाखवा. जमलं तर इथे परत यायचं कारण नाही. नाही जमलं तर पुन्हा दर शनिवारी हीच खोली, आणि मग ती किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मुलीकडे जरा बघा. ती खेळत नाही. ऐकत बसते."

हे मात्र खरं होतं. मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी, गोल आणि चकचकीत होती, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. दीड वर्षापूर्वी घराची दोन घरं झाली आणि बटण एखाद्या परदेशी वकिलातीत नोकरीला लागल्यासारखी बोलायला लागली. "आईकडे काय केलंस?" "छान होतं." "बाबाकडे काय जेवलीस?" "जेवले." इकडची गोष्ट तिकडे नाही आणि तिकडची इकडे नाही. कोणाचा आवाज जरा चढला, अगदी दूध उतू गेलं म्हणून चढला, तरी हातातलं टाकून, दोन्ही पंजे मांडीवर ठेवून ती शांत बसे. सात वर्षांच्या मुलीचे ते मांडीवरचे पंजे आठवले की आत्याला घास गिळवत नसे.

"माझ्यावर सोड," आत्या भावाला म्हणाली.

"ताई, तुझ्यावर सोडलं की भीती वाटते गं," धाकटा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोरांवर लोंबकळायची त्याला भीती नव्हती, बहिणीची होती.

भावजय, म्हणजे कागदोपत्री आता माजी भावजय, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ती म्हणाली, "ताई, तुम्ही मधे असाल तर माझी हरकत नाही. फक्त त्याने काय ते लेखी द्यावं. बोलायला लागला की मला डोकं धरतं."

लेखी! आत्याचा जीव भांड्यात पडला. लेखी हा तर तिचा प्रांत.

आता आत्या कुटुंबाचा प्रश्न सोडवतेय ही बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पोचपावती. बाकी काही करू नका, पोचपावती घ्या. चाळीस वर्षांत माझं एक पार्सल गहाळ नाही." शिवणवाल्या काकूंचं म्हणणं, दोन्ही घरांत पडदे, चादरी आणि मुलीचे कपडे एकाच ताग्यातून शिवावेत, म्हणजे आपण कोणत्या घरात आहोत हे तिला कळणारच नाही. (त्यांच्याकडे ताग्यातलं कापड शिल्लक होतं.) सर्वांत सविस्तर सल्ला तिसऱ्या मजल्यावरच्या ब्रह्मचारी गृहस्थांनी दिला. ज्यांना मूल नसतं त्यांच्याकडे मुलांविषयीचं ज्ञान अगदी ताजं, घडी न मोडलेलं असतं.

आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपल्याला हवं तेच केलं. डेपोत पाळी बदलताना एक चालक दुसऱ्याच्या हाती गाडी देतो, तेव्हा एक पत्रक भरतात: टायर कसे, दिवे कसे, ब्रेक कसे, आणि शेवटी शेरा. तीन प्रती. पांढरी देणाऱ्याला, गुलाबी घेणाऱ्याला, पिवळी कार्यालयाला. इतकी वर्षं या कागदामुळे भांडणं मिटलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. तिने टंकलेखकाला सांगितलं, "हेच पत्रक, पण मुलीचं. नखं, दप्तर, खोकला, गृहपाठ, असे रकाने घाल. पन्नास संच."

टंकलेखकाने मथळा बदलला आणि त्याला वरच्या साहेबांचं बोलावणं आलं.

त्यामुळे पहिल्या हस्तांतराच्या दिवशी, डेपोच्या चौकशी खिडकीपुढच्या बाकावर (जागा तटस्थ हवी, हा आत्याचा आग्रह) भावजयीच्या हातात जो कागद आला त्यावर वर "बटण" आणि खाली "वाहन क्रमांक" असं होतं. भावजयीने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आत्याकडे पाहिलं, आणि पेन उघडून निमूटपणे भरला. "टायर: डाव्या बुटाचा तळ सुटलाय. दिवे: उजवा डोळा सकाळी लाल होता, आता स्वच्छ. हॉर्न: सर्दीमुळे बसलाय. गळती: नाकातून."

धाकटा उशिरा येत होता. ध्वनिक्षेपकावर गाड्या पुकारणाऱ्या बाईला आत्याची दया आली. तिने कोणाला न विचारता आपल्या मंजुळ आवाजात घोषणा केली: "बटणचे बाबा, बटणचे बाबा, आपण जिथे असाल तिथून चौकशी खिडकीपाशी यावं. बटण आपली वाट पाहत आहे." सगळा स्टँड वळून बघायला लागला. एक आजोबा तर आपली गाडी सोडून थांबले. धाकटा घामाघूम होत गर्दीतून आला तेव्हा लोकांनी त्याला वाट करून दिली आणि कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्याने गुलाबी प्रत वाचली, "ब्रेक" या कोऱ्या रकान्यात "मुळीच नाहीत" असं लिहिलं आणि लेकीला उचललं.

बटण म्हणाली, "छान आहे इथे." कोणाचीच बाजू न घेता.

आत्या मात्र खूश. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती पत्रकाचा नमुना कोर्टात नोंदवायला गेली. कारकुनाने मथळ्याखालची ओळ वाचली आणि मान वर न करता म्हणाला, "वाहनांचे दावे दुसऱ्या मजल्यावर."

"अहो, ही मुलगी आहे."

"इथे वाहन लिहिलंय."

दुसऱ्या मजल्यावर तिच्याकडे विम्याची कागदपत्रं मागितली. वीस वर्षं सरकारी छापाच्या कागदांवर जगलेल्या बाईला एका कागदाने असं तोंडघशी पाडावं, हे आत्याच्या फार जिव्हारी लागलं. ती तशीच परत आली आणि नवे पन्नास संच तिने स्वतः बसून टाइप केले.

खरा घोळ शेऱ्याच्या रकान्याने घातला. पहिल्या आठवड्यातले शेरे आत्याने वाचले आणि तिला पाणी प्यावं लागलं. "मुलगी मागच्या पाळीत नऊ वाजेपर्यंत जागी ठेवण्यात आली, हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते सांगायला नको." त्याखाली गुलाबी प्रतीवर: "काहींना घड्याळ दिसतं, मूल दिसत नाही. दुकानात तपासून घ्यावं." आत्याने रकाना दोन ओळींचा केला. तर दोघं समासात लिहायला लागले. समास छाटला, तर कागदाच्या पाठीवर. पिवळी प्रत कार्बनची, त्यामुळे पाठीवरची भांडणं पुढच्या अक्षरांतून आरपार दिसत. गृहपाठाच्या रकान्यातून "तुझी आई" हे शब्द उलटे डोकावत होते.

शेवटी आत्याने दोघांना चौकशी खिडकीच्या आत बोलावलं. बटणला ध्वनिक्षेपकवालीकडे बसवलं. आणि आत्या आपल्या डेपोतल्या आवाजात बोलली.

"माझ्याकडे तीनशे दहा चालक आहेत. त्यांतले निम्मे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण शेऱ्यात एकही जण 'आधीचा चालक गाढव' असं लिहीत नाही. का? कारण त्याने पुढच्याला काय कळणार? तो लिहितो, 'ब्रेक डावीकडे ओढतोय.' त्यावर पुढचा जीव सांभाळून चालवतो. शेरा गाडीचा लिहायचा. चालकाचा नाही. समजलं?"

"हो ताई," दोघं एकदम म्हणाले. कित्येक महिन्यांत ते एकदम काही म्हणाले नव्हते. दोघंही दचकले.

त्यानंतरच्या पिवळ्या प्रती आत्या टेबलाच्या खणात ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत काढून वाचायची. आधी तपासणी म्हणून. मग तिला राहवेना म्हणून.

"गाजर खात नाही," भावजयीच्या बारीक, सरळ अक्षरात.

"माझ्याकडे रोज खाते," धाकट्याचं तेलकट अक्षर.

"कसं?"

"न चिरता द्यायचं. सशासारखं."

"जमलं."

मग एक दिवस: "झोपताना विचारलं, आंधळ्या माणसाला स्वप्नात दिसतं का. मी म्हटलं, मला माहीत नाही. माझं न माहीत असणं तिला फार आवडलं." आणि चार दिवसांनी: "लिफ्टच्या वरच्या खोलीत नेली होती. लोक वर जातात तेव्हा पलीकडे एक वजन खाली येतं ते दाखवलं. म्हणाली, त्या वजनाला कोणी थँक्यू म्हणत नाही का. त्यानंतर प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणत होती."

आत्याने तो शेरा तीनदा वाचला. खिडकीपुढे एक चालक आपली ड्यूटी विचारत उभा होता. तिला तो दिसलाच नाही. आजवर तिला वाटायचं, बटण म्हणजे काय, सात वर्षांचं शेंबडं पोर. आणि इथे पानामागून पान भरत चाललं होतं आणि पोर काही संपत नव्हतं. एका घरी ती अंधाराला घाबरायची, दुसऱ्या घरी शिडी चढून बल्ब बदलायला मागायची. आईला तिचं झोपेतलं हसणं ठाऊक होतं, बाबाला तिची शीळ. अख्खी बटण दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. ती फक्त या पिवळ्या कागदांवर, एकाखाली एक लिहिलेल्या दोन हस्ताक्षरांत होती. आत्याने खण हळूच लावला. झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावतात तसा.

"वरचा दात हलतोय," भावजयीने लिहिलं.

"अजून हलतोय. मी हात लावला नाही. तुझ्याकडे पडू दे."

आत्याला तेव्हाच कळायला हवं होतं. चांगुलपणा सुरू झाला की तो किती थराला जाईल याचा नेम नसतो.

शाळेत शुक्रवारी चित्रांचं प्रदर्शन होतं. साडेतीनला शाळा सुटली की घरच्यांनी यायचं, चित्र बघायचं, मूल घेऊन जायचं. हा शुक्रवार कोणाचा, यावरून वाद नको म्हणून आत्याने चार्टमध्ये तो कोरा ठेवला होता. ज्याला काय हवं त्याने अर्ज करावा. अर्ज लेखीच हवा, तोंडी काही चालणार नाही, आणि चोवीस तासांत उत्तर न आल्यास मंजूर समजावं, हा डेपोचा जुना नियम तिने मोठ्या अभिमानाने इथेही लावला होता.

बुधवारी दोघांचेही अर्ज तिच्या ट्रेमध्ये पडले. बुधवारी आणि गुरुवारी आत्या प्रशिक्षणाला गेली होती. विषय होता, वेळेचं नियोजन.

शुक्रवारी दिवसभर ती साठलेलं काम उपसत बसली. चार वाजून वीस मिनिटांनी ट्रेच्या तळाशी पोचली. पहिला अर्ज धाकट्याचा: "चित्रात चष्मेवाली बाई आहे, आईला दाखवायचं म्हणते. शुक्रवार तिच्या आईला द्यावा." दुसरा भावजयीचा: "चित्रात शिडी आहे, बाबाला दाखवायचं म्हणते. शुक्रवार तिच्या बाबाला द्यावा."

दोन्ही अर्ज, नियमाप्रमाणे, मंजूर झाले होते.

आत्या ताडकन उठली. तिने दोघांना फोन केले आणि पर्स तशीच टाकून धावत सुटली. एकशे चाळीस गाड्यांच्या डेपोतून त्या वेळी शाळेकडे जाणारी एकही गाडी नव्हती. तो चार्ट तिनेच आखला होता. पन्नाशीची बाई साडी सावरत भर रस्त्यातून पळतेय हे बघून दोन दुकानदार चोर शोधायला बाहेर आले.

ती शाळेच्या दाराशी पोचते तो धाकटा कमरेचा पट्टा आणि लोंबत्या साखळ्यांसकट धडकला. अर्ध्या दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून निघाला होता. त्याच्या मागोमाग भावजय, हातात तपासणीची सुटी काच. कोणा गिऱ्हाइकाला एका डोळ्याने धूसर जगात सोडून आली होती.

हॉल रिकामा होता. शाळेतल्या मावशी खिडक्या लावत होत्या. भिंतीखाली एका छोट्या स्टुलावर बटण बसली होती. पंजे मांडीवर.

"मला काही झालं नाही," तिघांकडे बघून ती लगेच म्हणाली. "मला कंटाळा पण नाही आला. छान होतं."

असं म्हणून ती हसली. बरोबर मापाचं, दोघांना सारखं वाटून दिलेलं हसू. पावणेदोन महिने, तीसच्या वर पत्रकं, आणि पोर अजून वकिलातीतच. ती रडली असती, ओरडली असती, बूट फेकून मारला असता, तर आत्याने तो बूट डोक्यावर घेतला असता.

आता भडका उडणार, म्हणून आत्याने डोळे मिटले.

"चूक माझी," धाकटा म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

"नाही, माझी," भावजय म्हणाली. "तुला दाखवायची शिडी म्हणून मी..."

"चूक माझी आहे," आत्या डोळे उघडून म्हणाली. "चोवीस तासांचा नियम माझा." पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ते दोघं चित्र बघत होते. चित्रात एक उंच शिडी होती. शिडीवरचा माणूस भिंतीवर मोठी अक्षरं लिहीत होता. आणि खाली उभी राहून चष्मेवाली बाई ती अक्षरं वाचत होती.

मावशींनीही शेवटची खिडकी लावायची ठेवली. आत्याने आयुष्यात पहाटेची पहिली गाडी डेपोतून निघताना हजारदा पाहिली होती, आणि दर वेळी तिला आतून काहीतरी वाटायचं. पण आता या लहानशा हॉलमध्ये तिला वाटलं ते त्याहून कितीतरी मोठं होतं. तिने नकळत पायांतल्या चपला काढल्या.

"तुझा फोन नंबर तोच आहे ना?" भावजयीने चित्रावरची नजर न हलवता विचारलं.

"तोच आहे."

"माझाही."

मग ती आत्याकडे वळली. "ताई, तुम्ही खूप केलंत. पण आता आम्ही फोन करत जाऊ."

म्हणजे सरळ शब्दांत, नियंत्रकांची सेवा संपली. आत्याने "हो, हो, करा की" म्हटलं आणि घरी येऊन उरलेल्या कोऱ्या पत्रकांकडे बघत दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. पोस्टमास्तर काका म्हणाले, "पोचपावती घेतली होती ना?" तेव्हा तर तिला रडूच आलं.

दोन महिने पूर्ण झाले त्या दिवशी सगळे पुन्हा कोर्टात हजर झाले. आत्या पिवळ्या प्रतींची फाइल छातीशी धरून आली होती, प्रत्येक पानावर क्रमांक घालून. समुपदेशक बाईंनी फाइल घेतली, चाळली, मग चाळायचं थांबवून वाचायला लागल्या.

"आणि आपण कोण?" त्यांनी मधेच विचारलं.

"मी नियंत्रक," आत्या म्हणाली.

"मग नियंत्रकांनी जरा बाहेर बसावं."

अपमान गिळून आत्या बाहेरच्या बाकावर बसली. दार अर्धं उघडं होतं. आत टेबलाच्या कोपऱ्याशी बटण पट्टी घेऊन काहीतरी काढत होती. बाई तिच्याकडे बघत नाहीत असं दाखवत तिच्याकडेच बघत होत्या. त्यांनी दोघांना काहीतरी विचारलं. सुट्टीत काय ठरवलंय, असं काहीसं.

"पोहायला घालतोय," धाकटा म्हणाला.

"घालतोय? विचार करू म्हटलं होतं आपण," भावजय म्हणाली. "त्या पाण्यात औषध असतं. डोळे लाल होतात. मी रोज बघते असली मुलं."

"अगं, चष्मा मिळतो पाण्यातला!"

"तो मला सांगतोस? मी विकते तो!"

"मग विक की एक आपल्याला!"

"आवाज कशाला चढवतोस?"

"मी कुठे चढवतोय?" धाकटा म्हणाला. आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला. एक वकील फायली सांभाळत थबकला.

आत्या बाकाच्या कडेला सरकली. संपलं. याच खोलीत, याच बाईंसमोर, आजच्याच दिवशी! तिला कोणाकडे बघवेना. तिने फक्त ते दोन छोटे पंजे शोधले. आता पेन्सिल खाली येणार, आता पंजे मांडीवर जाणार.

पेन्सिल खाली आली. टेबलावर आपटली.

"अगं आई! अरे बाबा!" बटण ओरडली. आत्याने तो आवाज याआधी कधी ऐकला नव्हता. चांगला खणखणीत, कर्कश, सात वर्षांचा आवाज होता. "किती हलवताय टेबल! माझी रेघ वाकडी गेली ना!"

भांडण तिथेच थांबलं. भावजयीचा हात पर्सकडे गेला, धाकट्याचा खिशाकडे, खोडरबर शोधत. बाईंनी लिहायचं थांबवलं. बाहेर आत्या बाकावरून केव्हा उठली तिचं तिला कळलं नाही. दारात उभी राहून, तोंडावर हात ठेवून ती बघत राहिली. पोर चिडलं होतं. आईबापांवर, दोघांवर एकदम, कोर्टात, लोकांसमोर, नाक फेंदारून. यापेक्षा सुंदर काही आत्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

बटणने आईच्या हातातलं खोडरबर घेतलं, रेघ खसाखसा खोडली, बाबाला पट्टीचं दुसरं टोक धरायला लावलं आणि जिभेचं टोक बाहेर काढून, सावकाश, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नवी रेघ ओढली. मग मान तिरपी करून तिने ती नीट पाहिली.

"हं," ती म्हणाली. "आता भांडा."